रविवारचा रकाना

पत्र:

"मावशी, मी ३४ वर्षांची. नाशिकला अंबडच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे, राहायला इंदिरानगरला. आठ महिने झाले, दर गुरुवारी कॉलेज रोडला एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ताईंकडे जाते. मनात काय येतं ते लिहीत जा, असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. मी आधी मोबाइलवर एक ॲप घेतलं, मग एक्सेलची शीट केली. आता तिच्यात १९ रकाने आहेत. सेशन संपलं की रिक्षातच टाइप करते. रात्री ते सगळं एआयला देऊन विचारते, माझं नक्की काय बिघडलंय? ते झोपेचं वेळापत्रक देतं. ताईंना मात्र ही शीट अजून दाखवलेली नाही.

मागच्या आठवड्यात मी पोळ्या लाटत होते आणि फोन ओट्यावर होता. तो वाजला, माझे हात पिठाचे, म्हणून सासूबाईंनी उचलला आणि ॲपची सूचना मोठ्यानं वाचली: 'आज आईंशी बोलल्यावर चिंता किती?' त्या काही बोलल्या नाहीत. तेव्हापासून कामापुरतंच बोलतात. सगळं डिलीट करून टाकू का? आणि ताई त्यांच्या कॉम्प्युटरवर माझ्याबद्दल जे लिहितात, ते आणखी कोण वाचत असेल? तीन आठवड्यांच्या नोंदी सोबत पाठवतेय. लिहायची सवय जुनीच आहे, लहानपणी बाबांची फवारणीची वही मीच लिहायचे.

– वहीवाली"

प्रिय वहीवाली,

आज काहीच डिलीट करू नकोस. ओट्याजवळ जे झालं त्याची धग अजून अंगात आहे आणि त्या धगीत आठ महिन्यांचं लिखाण फेकून दिलंस तर महिन्याभरानं हळहळशील. ठेवायचं की नाही हे तूच ठरवायचंस, पण थोडी शांत झाल्यावर.

तुझ्या नोंदी मी दोनदा वाचल्या. ओळख पटेल असं सगळं काढून, तुला विचारूनच, त्यातलं थोडं इथे मांडते.

सोमवार: झोप ५ तास २० मिनिटं, चिंता ६, राग ३, चहा ४ कप. मंगळवार: झोप ६ तास, चिंता ७, राग २. असं शनिवारपर्यंत, एकही खाना मोकळा नाही. मग रविवार येतो आणि तिथे एवढंच आहे: "बाबांचा फोन. उचलला नाही." पुढे चिंता किती, राग किती, काही नाही. दुसऱ्या रविवारी तेच वाक्य, तिसऱ्याही. सोमवारी आकडे पुन्हा सुरू.

बाई गं, तू क्वालिटीत काम करतेस. एखाद्या बॅचच्या रिपोर्टमध्ये सलग तीन वेळा एकच खाना कोरा आला असता, तर तू तो तसाच सही करून पुढे सोडला असतास का?

या कोऱ्या खान्याचा अर्थ मी लावणार नाही. तो तुझा आणि ताईंचा मामला आहे, मी फक्त बोट दाखवते. पण एक जोड मला दिसते. निफाडकडच्या द्राक्षबागेत बाबांची फवारणीची वही तू लिहायचीस. ती वही कशी असते हे या भागातल्या कुणालाही वेगळं सांगायला नको: तारीख, औषधाचं नाव, किती लिटर पाण्याला किती, डाऊनी की भुरी, द्राक्षांवरच्या कोणत्या रोगासाठी, मारल्यावर पाऊस आला का. ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल निघेपर्यंत एक दिवस चुकवून चालत नाही, कारण माल बाहेर देशी जायचा तर शेवटची फवारणी कधी झाली हे दाखवावं लागतं. त्या वहीत औषधाला रकाना असतो, पावसाला असतो. ज्या वर्षी गारपिटीनं बाग झोपते, त्या वर्षी बाबा घरी येऊन काय बोलले, किंवा बोललेच नाहीत, त्याला रकाना नसतो. तू तीच वही चालू ठेवली आहेस, फक्त बागेच्या जागी स्वतःला घातलंस.

नोंद ठेवणं वाईट नाही, उलट त्यामागे मोठं शास्त्र आहे. मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांच्या उपचारपद्धतीत विचारांची नोंद हे रोजचं हत्यार आहे: घटना काय घडली, मनात कोणता विचार आला, भावना कोणती आणि किती तीव्र, त्याच घटनेकडे दुसऱ्या बाजूनं कसं बघता येईल. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत आणली, तिच्यातही घटना आणि तिच्याबद्दलचा आपला समज वेगवेगळा लिहून काढायला शिकवतात. आकडा त्या नोंदीत असतो, पण एका कोपऱ्यात. जीव असतो तो विचाराच्या रकान्यात. तुझ्या १९ रकान्यांत 'मनात काय आलं' असा एकही नाही. मी पुन्हा पुन्हा शोधला.

जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्राच्या अभ्यासकांचा १९८६ सालचा प्रयोगही तुला सांगावासा वाटतो. त्यांनी कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या जिव्हारी लागलेल्या गोष्टीबद्दल लिहायला लावलं. लिहून उठल्यावर मुलांना आणखीच वाईट वाटलं. पण जी मुलं घटना आणि तिच्याबरोबरची भावना दोन्ही लिहीत होती, त्यांच्या पुढच्या काही महिन्यांतल्या कॉलेजच्या दवाखान्यातल्या फेऱ्या कमी झाल्या. आणि लक्षात घे, चार दिवस. त्यानंतर मुलं थांबली. तू आठ महिने थांबलेली नाहीस. रिक्षात बसल्या बसल्या टाइप करतेस, म्हणजे ताईंच्या खोलीतून जे घेऊन निघालीस ते आत मुरायच्या आधीच त्याचा हिशेब मांडतेस. सेशननंतर निदान एक तास फोन पर्समध्ये राहू दे. रिक्षा सोडून कॉलेज रोडनं थोडी चाल.

आता एआयचं. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' नावाचा प्रोग्राम प्रसिद्ध केला. आपण टाइप केलेलं वाक्य तो प्रश्न करून परत द्यायचा. 'मला वडिलांचा राग येतो' म्हटलं की 'वडिलांबद्दल आणखी सांगा'. त्याला कळत काहीच नव्हतं. तरी वायझेनबॉम यांच्या सेक्रेटरी, ज्यांनी तो प्रोग्राम तयार होताना पाहिला होता, थोडा वेळ बोलल्यावर त्यांनाच म्हणाल्या, जरा खोलीबाहेर जाता का? वायझेनबॉम हादरले आणि पुढे यंत्राच्या हाती काय सोपवू नये, हे आयुष्यभर सांगत राहिले. आजची यंत्रं एलायझापेक्षा कितीतरी हुशार आहेत हे मला मान्य आहे. गुरुवारी काय विचारायचं याची यादी करायला, पानभर मजकुरातून चार मुद्दे काढायला ती खुशाल वापर. पण त्यांच्यासमोर तू ठेवतेस आकडे, म्हणून झोपेचं वेळापत्रक मिळतं. 'बाबा' म्हणताना तुझा आवाज खाली गेला, हे समोर बसलेलं माणूसच टिपतं. शिवाय ही यंत्रं विचारणाऱ्याच्या सुरात सूर मिसळतात. 'माझं काय बिघडलंय' असं रोज विचारलंस की ते रोज काहीतरी बिघडलेलं शोधून देणार. हा रात्रीचा प्रश्न बंद कर, ही माझी आग्रहाची विनंती आहे. आणि नावं, कंपनी, पत्ता त्यात कधीच टाकू नकोस.

ताईंच्या कॉम्प्युटरची तुझी भीती रास्त आहे. फिनलंडमध्ये 'वास्तामो' नावाच्या मानसोपचार केंद्राच्या नोंदी चोरीला गेल्याचं २०२० मध्ये उघडकीला आलं. सुमारे ३३ हजार रुग्णांची माहिती होती. चोरानं आधी केंद्राकडे खंडणी मागितली, मग एकेका रुग्णाला ईमेल करून पैसे मागितले. लोकांनी बंद खोलीत सांगितलेलं असं बाजारात आलं. म्हणून हा प्रश्न विचारणं म्हणजे ताईंवर अविश्वास दाखवणं, असं मुळीच समजू नकोस.

आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ आहे. त्याच्या २३व्या कलमात रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क आहे आणि २४व्या कलमानं तो संगणकात साठवलेल्या माहितीलाही लागू केलाय. २५व्या कलमानुसार आपल्या उपचाराच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी रुग्णाला मागता येतात. एखादा मजकूर वाचून रुग्णाच्या मनाला गंभीर इजा होईल किंवा दुसऱ्या कुणाला धोका होईल असं वाटलं, तर तेवढा भाग डॉक्टर राखून ठेवू शकतात, पण तसं करताना, तो भाग मिळावा म्हणून मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करायचा हक्क तुला आहे हेही त्यांनी सांगायचं असतं. तेव्हा ताईंना सरळ विचार: माझ्या नोंदी कुठे असतात, तुमच्या फोनमध्ये, क्लिनिकच्या कॉम्प्युटरवर की कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर? रिसेप्शनवरच्या मुलीला त्या उघडता येतात का? किती वर्षं ठेवता? तुम्ही उद्या क्लिनिक बंद केलंत तर त्यांचं काय होणार? नीट काम करणारे थेरपिस्ट तारीख, विषय, पुढे काय करायचं एवढी आटोपशीर नोंद फाइलला ठेवतात आणि स्वतःच्या विचारासाठी केलेली टिपणं वेगळी ठेवतात. ताईंना हे विचारलंस तर त्या रागावणार नाहीत. रागावल्याच, तर तेही काहीतरी कळणंच आहे.

तुझ्या फोनचं काम दहा मिनिटांचं आहे. त्या ॲपच्या सूचना बंद कर. लॉक स्क्रीनवर मजकूर दिसणार नाही असं सेटिंग ठेव. घरातल्या टॅबवर आणि तुझ्या फोनवर एकच अकाउंट असेल तर शीट त्याच्यावरही उघडत असेल, आधी ते वेगळं कर. शीटला पासवर्ड लाव, जुनी १९ रकान्यांची तशीच राहू दे आणि पुढच्या नोंदींसाठी नवी, चारच रकान्यांची कर: काय घडलं, मनात काय आलं, अंगात कुठे जाणवलं, गुरुवारी ताईंना काय सांगायचं. आकडा नको. आकडा हवाच असेल तर ताई सांगतील तेव्हा, त्या सांगतील तोच.

कधी रात्री त्या खान्यात जगणं नको असं लिहायला हात गेला, तर शीट बंद करून १४४१६ लाव. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे. रात्रंदिवस चालू असते आणि मराठीत बोलता येतं. फोन करायला अमुक एवढं वाईट वाटायलाच हवं अशी अट नाही.

राहिल्या सासूबाई. त्यांनी ती ओळ वाचली आणि त्यांना वाटलं, आपण या घरात एक दुखणं आहोत, जे रोज मोजलं जातं. पिठाचे हात घेऊन तू गप्प उभी राहिलीस, म्हणून ते पक्कं झालं. त्यांना शीट दाखवायची गरज नाही, ती तुझी आहे. पण दुपारी दोघीच असताना जवळ बस आणि बोल. अगदी असंच म्हटलंस तरी चालेल: "आई, त्या दिवशी फोनवर जे वाचलंत ते तुमच्याविरुद्ध नव्हतं. मला घाबरायला होतं, छातीत धडधडतं, म्हणून मी गुरुवारी मनाच्या डॉक्टरांकडे जाते. दिवसभरात ज्यांच्याशी बोलते त्या सगळ्यांची नावं मी त्यात टाकली होती. तुम्हाला वाईट वाटलं असणार. मी तेव्हाच सांगायला हवं होतं." एवढं सांगून थांब. त्या काय म्हणतील त्याचा अंदाज आधी बांधू नकोस. कदाचित म्हणतील, मला का नाही सांगितलंस आठ महिने? म्हटलं तर तो प्रश्न चांगला आहे, त्याचं उत्तर दे.

आणि आता रविवार. बाबांचा फोन उचल किंवा उचलू नकोस, मी सांगणार नाही. फक्त पुन्हा वाजेल तेव्हा, वाजून बंद झाल्यावर, 'मनात काय आलं' तिथे एक वाक्य लिही. कसंही, अर्धवट, शुद्धलेखन चुकलेलं. तुझ्या बाबांच्या वहीत तू लहानपणी 'डाऊनी' कसं लिहायचीस ते आठव आणि तसंच लिही. मग ते चारही रविवार एका कागदावर हातानं उतरवून काढ, घडी घालून पर्समध्ये ठेव आणि गुरुवारी ताईंसमोर उघड. काय बोलायचं ते सुचलं नाही तर कागद नुसता त्यांच्या हातात दे.

तुझी,
मावशी