आधी जुना हिशोब, मग वर्गणीची वही

ताई, तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यात तेच चालू होतं, आता जेवण झाल्यावर निवांत लिहायला बसलोय, लांबेल, सांभाळून घ्या. तुम्ही लिहिलंय की गावच्या झेडपी शाळेच्या व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपद तुमच्याकडे आलंय, पट ३८, शिक्षक दोन, दोन खोल्यांतली एक गळतेय, वर्षाला अनुदान २५ हजार, आणि वर्गणीचा विषय काढला की लोक म्हणतात सरकारी शाळा आहे, सरकार बघेल. मी आमच्या गावच्या समितीत २०१३ ते २०१९ होतो, त्यातली ४ वर्षं अध्यक्ष. सातारा जिल्ह्यातलं डोंगरातलं दीडशे उंबऱ्याचं गाव, निम्मे बापे मुंबईला. जे केलं, जे फसलं, ते सांगतो.

पहिली गोष्ट, "सरकार बघेल" म्हणणाऱ्यावर चिडू नका. तो चुकीचं बोलत नाहीये. शेतकऱ्यानं शाळेसाठी पैसे देणं काही आजचं नाही, इंग्रजांच्या काळात १८६० च्या दशकातच मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल सेस, म्हणजे स्थानिक कर, बसवला होता आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी होता. १८८२ साली महात्मा फुल्यांनी सरकारच्या शिक्षणावरच्या हंटर कमिशनला निवेदन दिलं त्यात मुद्दा हाच, की पैसा रयतेच्या घामातून जातो आणि शिक्षण मात्र वरच्या वर्गाच्या पोरांना मिळतं. आजही शेतसाऱ्याबरोबर झेडपीचा उपकर भरतोच आपण. म्हणजे गाव आधीच पैसे देतंय, आणि परत मागायला जाताय तर हे मान्य करूनच गेलं पाहिजे. मी सुरवातीला हे न समजता लोकांना "तुम्हाला गावच्या शाळेची काही पडलेली नाही" असं बोलून बसलो होतो एकदा, ते निस्तरायला फार दिवस गेले.

पण त्या वाक्याच्या मागे अजून एक कारण असतं आणि ते कोणी तोंडावर बोलत नाही. आमच्याकडे २०१३ ला मी वर्गणीची वही घेऊन पारावर बसलो तेव्हा एक म्हातारबाबा एवढंच म्हणाले, "मागच्या भिंतीचे उरलेले पैसे कुठायत?" मला तर माहीतच नव्हतं. ५-६ वर्षांपूर्वी कंपाउंड भिंतीसाठी घरटी ३०० रुपये काढले होते, भिंत निम्मी झाली, ठेकेदार गेला, तेव्हाचे गुरुजी बदलून गेले आणि हिशोब कोणी दिलाच नाही. वही तिथंच मिटली मी. पुढचे तीन महिने आम्ही दुसरं काही केलं नाही, जुन्या पावत्या शोधल्या, ठेकेदाराला गाठलं, त्या गुरुजींना फोन केले, कोणी किती दिले ते घरोघर विचारून लिहून काढलं. सगळं सापडलं नाही. जे सापडलं ते आणि जेवढ्याचा पत्ता लागला नाही तो आकडा, दोन्ही मोठ्या अक्षरात कार्डशीटवर लिहून मारुतीच्या देवळाच्या भिंतीला लावलं. कोणाचं नाव घेतलं नाही, कोणावर आरोप नाही. दोन दिवस गावात नुसती कुजबुज, आणि मग तेच म्हातारबाबा स्वतः शाळेत आले आणि ५०० रुपये देऊन गेले. तेव्हा तुमच्या गावात आधी अशी काही वर्गणी झाली होती का ते आधी काढा. झाली असेल तर तिचा हिशोब लावल्याशिवाय नवी वही उघडू नका, माझं हे एक ऐकाच.

आता पैशाकडे येऊ. वर्गणी काढायच्या आधी जे पैसे शाळेच्या हक्काचे आहेत ते आलेत का बघा. तुमचे २५ हजार म्हणजे समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान, ३१ ते १०० पटाला तेवढं मिळतं आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे असतात. यात खडू-डस्टर, लाइटबिल, किरकोळ दुरुस्ती सगळं बसवायचं असल्यामुळं ते पुरत नाही हे खरंच आहे, त्यात हातात येतं उशिरा आणि मार्चअखेर खर्च केलं नाही तर गेलं, म्हणून यादी आधीच करून ठेवा, दर आधीच काढून ठेवा. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं शाळेचा विकास आराखडा करायचं काम समितीचंच आहे, तो बऱ्याच ठिकाणी कोणीतरी एकटा बसून भरून टाकतो. तुमच्या समितीत पाऊणभाग पालक आहेत आणि निम्म्या बायका आहेत, कायद्यानंच तसं आहे, तर एक संध्याकाळ सगळ्यांनी शाळेत बसून तो आराखडा लिहा. आमच्या पहिल्या खऱ्या आराखड्यात आयांनी एक नंबरला लिहिलेली गोष्ट होती मुलींच्या संडासाला आतून कडी. मला आणि गुरुजींना इतक्या वर्षांत ती सुचली नव्हती.

मग ग्रामपंचायत. इथं लोक कमी पडतात कारण शाळा झेडपीची, ग्रामपंचायतीचा काय संबंध असं वाटतं. संबंध आहे. पंधराव्या वित्त आयोगाचा ग्रामपंचायतीला मिळणारा पैसा (२०२१ ते २६ चा) बघा, ६० टक्के बंधित होता तो पाणी आणि स्वच्छतेसाठीच, मग शाळेचा संडास, हात धुवायचे नळ, पाण्याची टाकी यासाठी वर्गणी कशाला? शिवाय ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात, आमच्याकडे ते कुठं जातात हे ग्रामसभेत विचारेपर्यंत कोणाला ठाऊक नव्हतं. फक्त हे सरपंचांना एकटं गाठून मागायचं काम नाही. विषय गावच्या विकास आराखड्यात आला पाहिजे, त्यासाठी ग्रामसभेत ठराव पाहिजे, आणि तुम्ही बाई आहात हे इथं फार उपयोगाचं आहे कारण ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, कायद्यातच आहे. आमच्याकडे ती नुसती कागदावर व्हायची. २०१५ ला २६ आया खरोखर जाऊन बसल्या, ग्रामसेवकांनी सतरंजी शोधून आणली, आणि शाळेच्या पाण्याचा ठराव त्या सभेत झाला तसाच दुसऱ्या दिवशी मोठ्या सभेत गेला. टाकी यायला १४ महिने लागले पण आली.

गळक्या खोलीबद्दल मात्र कळकळीनं सांगतो. पत्रे आणून टाका, डांबर मारा असं कोणी म्हणालं तर लगेच हो म्हणू नका. भिंती, स्लॅब, वासे कसे आहेत ते आधी झेडपीच्या बांधकामच्या इंजिनिअरकडून तपासून घ्या, अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि तोवर मुलांना त्या खोलीत बसवू नका, दोन वर्ग एकत्र बसले तरी चालतील, देवळात बसले तरी चालतील. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नगर जिल्ह्यात निंबोडीला झेडपी शाळेचं छत पोरांच्या अंगावर कोसळलं, तीन लेकरं गेली. ती बातमी आली त्या रात्री आमच्या समितीतला एकही माणूस झोपला नसेल. खोली धोकादायक निघाली तर ती पाडायलाही निर्लेखनाचा, म्हणजे ती इमारत नोंदीतून काढायचा, प्रस्ताव मंजूर व्हावा लागतो, गावानं उत्साहात परस्पर पाडायची नाही, ती मालमत्ता झेडपीची आहे आणि पाडली की नवीन खोलीच्या मागणीचे कागद अडकतात. नवी खोली हे लाखांचं काम आहे, ते झेडपी, जिल्हा नियोजन, आमदार निधी यातूनच व्हायला पाहिजे. त्यासाठी गावाच्या खिशात हात घालू नका. तिथं गावाचं काम पाठपुराव्याचं, दर महिन्याला दोघांनी तालुक्याला जाऊन फाइल कुठल्या टेबलावर आहे ते बघायचं, आणि खरं सांगतो, एसटीचं तिकीट एवढाच आमचा त्या खोलीवरचा खर्च झाला.

मग वर्गणी कशाला? जे सरकार करणार नाही किंवा करेपर्यंत पोरं सातवी पास होऊन जातील अशा छोट्या, डोळ्याला दिसणाऱ्या, एका हंगामात संपणाऱ्या कामाला. आम्ही पहिलं काम घेतलं फरशी आणि वर्गातले लिहायचे फळे. शेणामातीच्या जमिनीवर पावसाळ्यात ओल यायची, पोरं पोत्यावर बसायची. ज्यांना पैसे देणं शक्य नव्हतं त्यांनी मुरूम टाकला, एकानं ट्रॅक्टर दिला डिझेल आपलं आपण घालून, धनगरवाड्यावरच्या लोकांनी दोन दिवस श्रमदान केलं. इथं एक चूक झाली ती तुम्ही करू नका. आम्ही देणगीदारांची पाटी केली, नाव आणि पुढे रक्कम. ५००० वाला वर, ५० वाला खाली, आणि श्रमदानवाल्यांची नावंच नाहीत. धनगरवाड्यावरच्या एका आईनं पोराला आठ दिवस शाळेत पाठवलं नाही. तिच्या घरी गेलो तेव्हा म्हणाली, "आमी दोन दिस राबलो त्ये कुटं लिवलंय?" पाटी उतरवली. नवीन पाटीवर नावं सगळ्यांची, अ ते ज्ञ, रक्कम कोणाचीच नाही. खर्चाचा हिशोब मात्र रुपयान्‌रुपया वेगळ्या फळ्यावर, दर महिन्याला. आणि पालकांवर सक्ती अजिबात नको, दाखल्याला अडवणं, पोरासमोर "तुझ्या बापानं दिले नाहीत" बोलणं, हे पाप तर आहेच पण आरटीईच्या कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी असा पैसा घेता येत नाही, दंड आहे.

पैसा येतो कुठून तर गावात जिथं आधीच गोळा होतो तिथूनच. आमच्याकडे जत्रेला घरटी वर्गणी असते, तमाशा, कुस्त्यांचा हगामा, पालखी. जत्रा कमिटीला आम्ही म्हणालो नाही की तमाशा बंद करा, तसं म्हटलं असतं तर गाव दोन तट पडलं असतं. एवढंच मागितलं की सगळा खर्च भागून जे उरेल त्याचा निम्मा शाळेला. पहिल्या वर्षी ४ हजार उरले. पण हिशोब शाळेच्या फळ्यावर लागायला लागला तसं पुढच्या वर्षी कमिटीनं आपला हिशोबही बाजूला लावला आणि ११ हजार उरले. दुसरं म्हणजे स्नेहसंमेलन. पोरं नाचायला लागली की माइकवरून बक्षिसं पुकारतात ना, मामाकडून ५१, आत्याकडून १०१, ती रक्कम कमी समजू नका, आणि ती देताना कोणाला वर्गणी दिल्यासारखं वाटतही नाही. फक्त मोजायला दोन पालक आणि एक शिक्षक एकत्र बसवा आणि त्याच रात्री स्टेजवरूनच आकडा जाहीर करा.

मुंबई मंडळाचं जरा नाजूक असतं. आमच्या मंडळानं एकदा लाखभर रुपये जमवले, मनापासून, माथाडीत ओझी वाहून कमावलेले पैसे ते, आणि म्हणाले गेटवर कमान बांधू, वर मंडळाचं नाव. तेव्हा शाळेत संगणकाला वीज नव्हती, बिल थकून मीटर काढून नेला होता. बैठकीत कोणी बोलेना, देणाऱ्याला कसं सांगायचं. शेवटी आमच्याच भावकीतल्या एक आजी उठल्या, म्हणाल्या, बाबांनो कर्मवीर आण्णांनी रयत काढली तेव्हा बायांनी मूठमूठ धान्य दिलं, लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, ते पोरांच्या पोटात गेलं, कमानीत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांची ही रयत शिक्षण संस्था १९१९ ला आमच्या जिल्ह्यातच काले गावात सुरू झाली, लक्ष्मीबाई त्यांच्या पत्नी, त्यामुळं आमच्याकडे त्या गोष्टी घराघरात सांगतात. मंडळाची पोरं रडली अक्षरशः. त्या पैशात सोलर बसवलं, बॅटरीसकट, आणि १५ हजार बाजूला ठेवले नुसते देखभालीला. हे बाजूला ठेवणं फार महत्त्वाचं. टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब देणारे पुष्कळ भेटतील, त्याची केबल, त्याचं बिल, त्याची बॅटरी कोण देणार हे वस्तू घ्यायच्या आधी विचारा. कंपन्यांच्या सीएसआरचं, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीचं, थोडक्यात, पैसा थेट समितीला सहसा मिळत नाही, नोंदणीकृत संस्था किंवा झेडपीमार्फत येतो, तेव्हा त्याच्या मागे पहिल्याच वर्षी वेळ घालवू नका.

आणि एक आकडा बघा, पैशाच्या सगळ्या धावपळीत हाच राहून जातो. तुमचा पट ३८. तो ३० वर आला की अनुदान २५ चं १० हजार होतं. म्हणजे ८ पोरं. पिवळ्या गाडीनं इंग्लिश मिडीयमला जाणारी आठच घरं, आणि अजून घसरून २० च्या आत गेला तर दुसरा शिक्षकही हातचा जाऊ शकतो. आम्ही उन्हाळ्यात त्या गाडीवाल्या घरांत वर्गणी मागायला गेलो नाही, पोरं परत मागायला गेलो. गुरुजी पुस्तक घेऊन आले, आमच्या तिसरीतल्या पोरीनं त्यांच्या ओसरीवर बसून धडा वाचून दाखवला, न अडखळता. पहिल्या वर्षी दोन पोरं आली, दुसऱ्या वर्षी पाच. पुणे जिल्ह्यातल्या वाबळेवाडीच्या गाजलेल्या झेडपी शाळेचे व्हिडीओ तुम्हाला पण लोक पाठवत असतील, गावानं जमीन दिली वगैरे, बघा जरूर, पण तिथपर्यंत जायचा रस्ता माझ्या मते ह्या ओसरीवरनंच जातो.

आता २६ जानेवारीची ग्रामसभा येईल. त्याच्या आधी महिला सभेची तारीख ग्रामसेवकांकडून लेखी घ्या, पाण्याचा आणि संडासाचा विषय अर्ज करून नोंदवा, खोलीच्या तपासणीचा अर्ज उद्याच टाका, त्याला सभेची वाट बघायची गरज नाही. ठरावाचा मसुदा आमच्याकडचा आहे माझ्याजवळ, हाताने लिहिलेला, शोधून फोटो टाकतो उद्या संध्याकाळपर्यंत. आणि ती खोली बंद केलीत का तेवढं आधी कळवा.