वाचकांचे प्रश्न: सीझनमध्येच डेटाबेस का आडवा होतो?

प्रश्न: ताई, आमचा देवगडला आंब्याचा धंदा आहे, थोड्या पेट्या वाशीला जातात, बाकी थेट गिऱ्हाईकाला. ऑर्डरी, स्टॉक, बागायतदारांच्या पट्ट्या (विक्रीचे हिशोब) सगळं एकाच पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये, सर्व्हर 8 जीबीचा. संध्याकाळी हिशोबवाला पट्ट्यांचा रिपोर्ट काढायला बसला की ऑर्डर घेणाऱ्या मुलींची स्क्रीन नुसती फिरत राहते. कोणीतरी सांगितलं म्हणून वर्क मेम (डेटाबेसला कामासाठी मिळणाऱ्या मेमरीचं सेटिंग) 4 एमबीवरून 256 केलं, सुरुवातीला बरं वाटलं, पण आता मधेच सगळ्यांचं कनेक्शन एकदम तुटतं आणि थोड्या वेळाने आपोआप चालू होतं. मेमरी वाढवू का?

उत्तर: दादा, मेमरीवर आत्ता पैसे घालू नका. आधी ते 256 खाली आणा, कारण वर्क मेम म्हणजे अख्ख्या सर्व्हरची मर्यादा नाही आणि एका कनेक्शनचीही नाही, क्वेरीतल्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातल्या) प्रत्येक सॉर्टला, म्हणजे क्रम लावण्याला, आणि प्रत्येक हॅशला, म्हणजे जुळणी-गटवारीच्या तक्त्याला, निदान तेवढी वापरायची मुभा असते. समजा 40 कनेक्शन चालू आहेत आणि प्रत्येकात दोन सॉर्ट, तर 40 गुणिले 2 गुणिले 256, म्हणजे 20 जीबी झाले, तुमच्याकडे आहेत 8. रोज एवढं लागेल असं नाही, पण गर्दीच्या वेळी मेमरी संपली की लिनक्स एखादी प्रोसेस सरळ मारून टाकतं, आणि एक जरी अशी मेली तरी सामायिक मेमरी बिघडली असेल या शंकेने पोस्टग्रेस बाकीची सगळी कनेक्शनं तोडून रिकव्हरी करून परत उभं राहतं. लॉग उघडून बघा, 'सिग्नल 9' दिसला तर हेच झालंय.

आता मूळ दुखणं, स्क्रीन फिरत राहण्याचं. रिपोर्टमुळे लॉक लागतो, म्हणजे नोंदीला कुलूप लागून दुसऱ्याला थांबावं लागतं, असं बऱ्याच जणांना वाटतं पण नुसती वाचणारी क्वेरी ऑर्डर लिहिणाऱ्याला अडवत नाही, ती डिस्क आणि सीपीयू खाते. तुमच्याकडे बहुतेक ऑर्डरी आणि हिशोब एकाच युजरने चालत असणार (आणि तोही सुपरयुजर, म्हणजे सगळे अधिकार असलेला, असेल तर आजच बंद करा, कनेक्शनची मर्यादा त्याला लागूच होत नाही). दोन रोल, म्हणजे डेटाबेसमधले वेगवेगळे युजर, करा. रिपोर्टच्या रोलला कनेक्शन लिमिट 2, वर्क मेम 64 एमबी, स्टेटमेंट टाइमआउट (एवढ्या वेळात क्वेरी संपली नाही तर ती तोडली जाते) 5 मिनिटं. ऑर्डरच्या रोलला वर्क मेम 4 एमबीच राहू दे आणि टाइमआउट 10 सेकंद, कारण ऑर्डर नोंदवायला त्याहून जास्त लागत असेल तर काहीतरी अडलंय आणि ते लगेच कळलेलं बरं. हे सगळं ऑल्टर रोल या कमांडने होतं, नवीन कनेक्शनपासून लागू होतं. टाइमआउट मेन कॉन्फिग फाइलमध्ये मात्र टाकू नका, नाहीतर रात्री इंडेक्स (शोध पटकन लागावा म्हणूनची सूची) बांधायला घेतलात की तोही मधेच तुटेल.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, टाइमआउट आणि वर्क मेम युजर स्वतःच्या सेशनमध्ये बदलू शकतो, पक्की भिंत फक्त कनेक्शन लिमिटची. आणि अमुक रोलला इतकाच सीपीयू असं पोस्टग्रेसमध्ये मुळातून नाही. एसक्यूएल सर्व्हर या दुसऱ्या डेटाबेसमध्ये 2008 पासून त्यासाठी रिसोर्स गव्हर्नर आहे, ओरॅकलमध्येही तशी सोय आहे. म्हणून तुमच्यासाठी मला सगळ्यात बरं वाटतं ते हे की पट्ट्यांची बेरीज रोज पहाटे एका वेगळ्या टेबलात करून ठेवा आणि हिशोबवाल्याला तेच टेबल वाचायला द्या, पूर्ण सीझनच्या पेट्या दर संध्याकाळी नव्याने मोजायच्या कशाला.

पीजी स्टॅट अॅक्टिव्हिटीमध्ये (कोणतं कनेक्शन आत्ता काय करतंय याची पोस्टग्रेसमधली यादी) 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' दिसतंय का तेही बघा. कोणी पेटीची नोंद अर्धवट उघडी ठेवून चहाला गेलं तर त्या ओळीवरचा लॉक तसाच राहतो, आणि मग खरंच दुसरा अडकतो. त्याचाही टाइमआउट वेगळा मिळतो, पोस्टग्रेसच्या 9.6 आवृत्तीपासून.

प्रश्न: मालवणला आमचं होमस्टेचं बुकिंग मायएसक्यूएलवर आहे. तिथे लांबलेली क्वेरी आपोआप थांबवता येते का?

उत्तर: येते, मॅक्स एक्झिक्युशन टाइम लावा, आकडा मिलिसेकंदात द्यायचा, म्हणजे 5 सेकंदांना 5000. पण ते फक्त सिलेक्टला, म्हणजे वाचणाऱ्या क्वेरीला, लागू आहे, लांबलेला अपडेट त्याने थांबणार नाही, तो प्रोसेसलिस्टमध्ये (चालू कामांच्या यादीत) शोधून किल क्वेरी या कमांडने थांबवावा लागतो.