नव्या कन्सोलसाठी फायटिंग गेम करायचाय, कॉलेज सोडू का?

तुझं पत्र मोठं आहे आणि मनापासून लिहिलंयस, पण बाकी वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. ही मुलगी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कोडिंग ती करणार, भाऊ चित्रं काढतो, मैत्रीण म्युझिक करते आणि तिघांना मिळून नव्या कन्सोलवर, म्हणजे गेम खेळायच्या नव्या मशीनवर, दोघांच्या मारामारीचा फायटिंग गेम आणायचाय, ३० कॅरेक्टर, स्टोरी मोड, ऑनलाइन रँकिंग, सगळं. त्यासाठी वर्षभर कॉलेज सोडायचं डोक्यात आहे. तिचे प्रश्न असे की कोर्स कुठला करू, डेव्ह किट, म्हणजे गेम बनवणाऱ्यांसाठीचं खास कन्सोल, कसं मिळतं आणि कन्सोल नवा आहे तोवर गेम आला नाही तर संधी जाईल का. आणि खाली बाबांनी एक ओळ लिहिलीय, यातून पुढे नोकरी लागते का.

कॉलेज सोडू नकोस. हे आधीच बोलून टाकते म्हणजे पुढचं मोकळेपणाने बोलता येईल. गेम बनवणं म्हणजे वेळ वाया घालवणं असं मला अजिबात वाटत नाही, पण गेमच्या पहिल्या वर्षात तुम्हाला जे करायचंय ते संध्याकाळी आणि सुट्टीत बसतं, आणि दुसरं म्हणजे ज्या विषयांचा कंटाळा येतो म्हणतेस ना, नेटवर्क्स, मेमरी, लिनिअर अल्जेब्रा, नेमके तेच फायटिंग गेमच्या आत भरलेले असतात.

आता ३० कॅरेक्टरचं बघू. स्कलगर्ल्स नावाचा गेम २०१२ ला आला तेव्हा त्यात ८ कॅरेक्टर होती, आणि ती टीम तुमच्यापेक्षा खूप अनुभवी होती. पुढच्या वर्षी त्यांनी एका, फक्त एका नव्या कॅरेक्टरसाठी लोकांकडून दीड लाख डॉलर मागितले तेव्हा बरेच जण भडकले की एवढे कशाला, मग टीमने हिशोबच मांडला, पगार, अ‍ॅनिमेशनची सफाई, आवाज, टेस्टिंग, कन्सोलवाल्यांचं सर्टिफिकेशन, आणि तो बघितल्यावर कळतं की फायटिंग गेममधलं एक कॅरेक्टर म्हणजे एक चित्र नसतं, हाताने काढलेल्या शेकडो फ्रेम्स आणि बाकीच्या प्रत्येक कॅरेक्टरबरोबर तपासायची एकेक मॅच असते. आठाचे नऊ झाले की नऊ नव्या जोड्या तपासायच्या. ३० असतील तर? स्वतःविरुद्धच्या धरून ४६५ जोड्या होतात. तिघांनी किती वर्षं करायचं ते तूच सांग. किलर इन्स्टिंक्ट २०१३ ला एक्सबॉक्स वनच्या लाँचच्या दिवशी आला, मागे मायक्रोसॉफ्ट उभी, तरी पहिल्या दिवशी ६ कॅरेक्टर होती.

म्हणून माझं म्हणणं एकच, दोन कॅरेक्टर आणि एक स्टेज असलेला गेम पीसीवर पूर्ण करा. पूर्ण म्हणजे मेनू उघडतो, दोघं खेळतात, कोणीतरी जिंकतं, पुन्हा खेळावंसं वाटतं, ऑनलाइनही चालतं. कन्सोल त्याच्यानंतर.

आणि त्या दोन कॅरेक्टरनाही सुरुवातीला चेहरा नको. सुपर स्मॅश ब्रदर्सचं पहिलं प्रोटोटाइप, म्हणजे कच्चा नमुना, गेम डिझायनर साकुराई आणि पुढे निन्टेन्डोचे अध्यक्ष झालेले इवाता यांनी केलं तेव्हा त्यात निन्टेन्डोचं एकही कॅरेक्टर नव्हतं, साध्या बिनचेहऱ्याच्या आकृत्या एकमेकींना मारत होत्या, आणि त्याचं प्रोग्रॅमिंग इवाता मुख्यतः शनिवार-रविवारी करायचे. मारामारी खेळायला मजा येते हे आधी दिसलं, मारिओ वगैरे मग आले, आणि गेम १९९९ ला निन्टेन्डो ६४ वर आला. तुम्हीही दोन चौकोन घ्या. हा साकुराईंचा गेम बनवण्यावरचा यूट्यूब चॅनलही आहे, २०२२ ते २०२४ मध्ये केलेले छोटे छोटे व्हिडिओ, फुकट आहेत, कोर्सवर पैसे घालण्याआधी ते सगळे बघून घे.

चौकोन घेऊन करायचं काय, तर फ्रेम शिकायच्या. तू खेळतेस म्हणजे ऐकलं असशील, पण खेळणाऱ्याने ऐकणं वेगळं आणि बनवणाऱ्याने समजणं वेगळं. गेम सेकंदाला ६० फ्रेम चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंद. प्रत्येक पंचचे तीन तुकडे असतात, स्टार्टअप म्हणजे हात निघाला पण लागत नाही, मग अ‍ॅक्टिव्ह म्हणजे लागू शकतो, मग रिकव्हरी म्हणजे हात परत येतोय आणि तू उघडी पडलीस. समज एका जॅबचा, म्हणजे हलक्या झटपट पंचचा, स्टार्टअप ४, अ‍ॅक्टिव्ह ३, रिकव्हरी ७ फ्रेम ठेवलास आणि खेळून बघितलंस, मग रिकव्हरी ७ ची १२ केलीस आणि परत खेळलीस, तर तोच पंच घाबरत मारायचा पंच होतो, चित्र तेच आहे तरी. मार लागला की दोघांनाही काही फ्रेम जागच्या जागी थांबव, त्याला हिटस्टॉप म्हणतात, आणि तो नसेल तर कितीही भारी अ‍ॅनिमेशन असलं तरी मार हवेत गेल्यासारखा वाटतो. बटण दोनचार फ्रेम लवकर दाबलं गेलं तरी गेमने ते लक्षात ठेवायला हवं, तो इनपुट बफर, तो नसला की खेळणारा म्हणतो कंट्रोलर खराब आहे. हिटबॉक्स (मार जिथे पोचतो तो भाग) आणि हर्टबॉक्स (मार जिथे लागू शकतो तो भाग) स्क्रीनवर रंगीत दिसतील असा डिबग मोड पहिल्याच आठवड्यात कर, पुढे तोच जवळजवळ जसाच्या तसा ट्रेनिंग मोड म्हणून वापरता येतो.

यात वेळ घाल असं मी सांगतेय कारण या गेम प्रकारातली मोठी गोष्टच अशा फ्रेम बघताना सापडलीय. स्ट्रीट फायटर टू, १९९१, त्याचा प्रोड्युसर फुनामिझू बग तपासत होता, गाडी फोडायच्या बोनस स्टेजमध्ये त्याला दिसलं की टायमिंग बरोबर बसलं तर एका फटक्यानंतर दुसरा सुटकाच न देता लागतो. त्यांनी ते काढून टाकलं नाही, राहू दिलं, त्यालाच कॉम्बो म्हणतात, आणि आज कॉम्बोशिवाय फायटिंग गेमची कल्पना करता येत नाही.

ऑनलाइनचं मात्र पहिल्या दिवशी ठरवावं लागतं, नंतर जोडू असं म्हणू नकोस. जुनी पद्धत डिलेची, समोरच्याचं बटण येईपर्यंत तुझंही बटण थांबवून ठेवायचं, त्यामुळे लाइन खराब असली की चिखलात लढल्यासारखं वाटतं. दुसरी पद्धत रोलबॅकची, त्यात गेम थांबत नाही, समोरच्याने काय दाबलं असेल याचा अंदाज करून पुढे जातो आणि अंदाज चुकला तर काही फ्रेम मागे जाऊन खरं बटण घालून सगळं परत मोजून पुन्हा आत्ताच्या फ्रेमवर येतो, आणि हे सगळं त्या १६.७ मिलिसेकंदात. मग तुला लागतं काय, तर गेमची अख्खी अवस्था क्षणात सेव्ह आणि लोड करता यायला हवी, लढाईचं गणित चित्र आणि आवाजापासून वेगळं हवं, आणि तीच बटणं दिली तर दोन्ही मशीनवर तंतोतंत तेच उत्तर यायला हवं. म्हणून इंजिनचं, म्हणजे गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरचं, फिजिक्स लढाईत वापरू नको आणि जागा, वेग वगैरे पूर्णांकात मोज, दशांशाची आकडेमोड वेगवेगळ्या मशीनवर किंचित वेगळी येऊ शकते आणि मग दोघांना दोन वेगळ्या मॅच दिसतात. टोनी कॅनन यांचं जीजीपीओ, म्हणजे रोलबॅकसाठीचा तयार कोड, २०१९ पासून ओपन सोर्स आहे, त्याचा कोड वाच. आणि २०१८ च्या जीडीसीमध्ये, म्हणजे गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत, मॉर्टल कॉम्बॅटवाल्यांनी दिलेलं रोलबॅकवरचं भाषण बघ, मॉर्टल कॉम्बॅट एक्स २०१५ ला आला, रोलबॅक त्यात नंतर पॅचने घातला, आणि तयार गेममध्ये हे घालायला किती मोठं काम पडलं ते त्यात स्वच्छ सांगितलंय. कॉलेजच्या नेटवर्क्सच्या तासाला हे डोक्यात ठेवून बस, कंटाळा येणार नाही.

आता नव्या कन्सोलची घाई. तुझा मुद्दा मला कळतो, नवं मशीन म्हणजे गेम कमी आणि नजर जास्त. १९९४ ला सॅटर्नबरोबर व्हर्चुआ फायटर, १९९९ ला अमेरिकेत ड्रीमकास्टबरोबर सोलकॅलिबर, ५ जून २०२५ ला स्विच टूबरोबर स्ट्रीट फायटर सिक्स, फायटिंग गेमनी लाँच गाजवलेत हे खरंच आहे. पण नीट बघ, हे तिन्ही गेम आधी कुठेतरी येऊन गेलेले होते, पहिले दोन आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवर, आणि तिसरा २०२३ ला दुसऱ्या कन्सोलवर, म्हणजे लाँचला त्यांनी पोर्ट, तयार गेमची नव्या मशीनसाठीची आवृत्ती, आणला, शून्यापासून नवा गेम नाही. शिवाय फायटिंग गेमला समोर माणूस लागतो. कन्सोल नवा म्हणजे तो घेतलेले लोक कमी, त्यातले तुमचा गेम घेणारे आणखी कमी, त्यातले रात्री अकराला तुझ्याच लेव्हलचे किती सापडणार? मॅच मिळाली नाही की माणूस दोन दिवसात गेम सोडतो. तिघांच्या टीमला मशीन बरंच खपल्यावर, पीसीबरोबर क्रॉसप्ले ठेवून, म्हणजे पीसीवाले आणि कन्सोलवाले एकमेकांशी खेळू शकतील असं, येणं जास्त फायद्याचं. आणि एकट्याने खेळणाऱ्याला विसरू नका, स्ट्रीट फायटर फाइव्ह २०१६ ला आर्केड मोडशिवाय, म्हणजे कॉम्प्युटरशी एकामागून एक लढायच्या सोयीशिवाय, आला तर केवढी बोलणी खाल्ली, आणि ती कॅपकॉमसारखी कंपनी. स्टोरी मोड राहू दे, पण कॉम्प्युटरविरुद्ध खेळायची सोय आणि ट्रेनिंग मोड हवाच.

डेव्ह किट दुकानात मिळत नाही. कन्सोल कंपनीच्या डेव्हलपर प्रोग्रॅममध्ये नाव नोंदवायचं, गेम काय आहे, टीम कोण, आधी काय केलंय ते सांगायचं, गुप्ततेचा करार करायचा आणि मग किट आणि कागदपत्रं मिळतात. आधी काय केलंय या रकान्यात तुमचा पीसीवरचा दोन कॅरेक्टरचा गेम जाईल, म्हणून तर तो आधी. करार झाला की किटचा फोटोसुद्धा कुठे टाकायचा नाही, भावाला आत्ताच सांगून ठेव. इंजिन निवडताना लक्षात घे, युनिटी आणि अनरियलला कन्सोलची सोय आहे, गोडो ओपन सोर्स असल्यामुळे त्याचा कन्सोल पोर्ट बहुतेक वेळा दुसऱ्या कंपनीकडून करून घ्यावा लागतो. शेवटी सर्टिफिकेशन, मॅच चालू असताना कंट्रोलर सुटला तर काय, मशीन झोपवून उठवलं तर काय, सेव्ह बिघडलं तर काय, बटणांची चिन्हं त्याच कन्सोलची आहेत का, असं सगळं तपासतात आणि नापास झालं की दुरुस्त करून परत द्यायचं. वयाचं रेटिंगही घ्यावं लागतं, रक्त किती दाखवायचं हे त्यासाठी आधीच ठरवा.

बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हो, नोकऱ्या आहेत, गेमप्ले प्रोग्रॅमर, नेटवर्क प्रोग्रॅमर, कॉम्बॅट डिझायनर, अ‍ॅनिमेटर, टेस्टर, अशी वेगवेगळी कामं आहेत. पण हा धंदा स्थिर नाही, २०२३ आणि २०२४ मध्ये मोठमोठ्या स्टुडिओंनी हजारो लोकांना काढलं, हे लपवून मी तुम्हाला होकार देणार नाही. म्हणूनच डिग्री पूर्ण व्हायला हवी. पण रोलबॅक स्वतः लिहिलेली मुलगी गेमबाहेरही नेटवर्क आणि सिस्टिम्सच्या कामाला चालते, आणि गेम कंपनीत मुलाखतीला सर्टिफिकेटपेक्षा स्वतः बनवलेला, खेळता येणारा गेम जास्त बोलतो. तिला रोज दोन तास द्या आणि ती कॉम्प्युटरवर गेमसमोर दिसली तर लगेच रागावू नका, त्यातला बराच वेळ ती पंचच्या फ्रेम मोजत असेल.

कोर्सचं म्हणशील तर आत्ता कुठलाच नको. सहा महिने हे करून बघ, मग तुला कळेल की तुला नेटवर्क आवडतं की मारामारीची घडण, आणि कोर्स घ्यायचाच तर त्यातला घे. भावाला सांग की पक्की चित्रं आत्ता काढू नको, कच्च्या रेघांच्या पोझ दे, कारण तू ७ फ्रेमचा पंच ५ फ्रेमचा करणार आणि त्याची रंगवलेली मेहनत फुकट जाणार. दोघंही थ्रीडीकडे वळणार असाल तर २०१४ चा गिल्टी गिअर एक्सआरडी बघा, मॉडेल थ्रीडी आहेत पण प्रत्येक पोझ हाताने लावलीय, मधल्या फ्रेम कॉम्प्युटरला भरू दिलेल्या नाहीत. मैत्रिणीला म्हणावं गाणं नंतर कर, आधी मार लागल्याचा एक आणि ब्लॉक झाल्याचा एक असे दोन आवाज कर, स्क्रीनकडे न बघताही फरक कळला पाहिजे असे, आणि ते तू त्या चौकोनांना लगेच लाव.