मशरूम रिसोत्तो घरी हॉटेलसारखा मऊसर आणि एकजीव कसा करावा?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही फोंड्याला राहता, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पत्नीचा वाढदिवस आहे, ती शाकाहारी आहे आणि त्या रात्री बाहेर न जाता घरीच दोघांपुरता मशरूम रिसोत्तो, म्हणजे मशरूम घातलेला दाटसर इटालियन भात, करायचा विचार आहे. सरावासाठी तुम्ही बासमती तांदूळ आणि क्रीमचे पाकीट घेऊन दोनदा करून पाहिले. पहिल्यांदा क्रीममध्ये भिजलेला मोकळा भात झाला आणि दुसऱ्यांदा खिमट. मी म्हापशाची आहे आणि कळंगुटकडच्या एका रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात सहा वर्षे काम केले आहे. हंगामात रात्रीला पंधरा-वीस रिसोत्तो हातून जात. त्या अनुभवावरून सांगते, की तुमच्या हातात दोष नाही. दोष आधी तांदळात आहे, मग क्रीममध्ये आणि त्यानंतर वेळेच्या आखणीत, आणि यांपैकी वेळेची आखणी चुकली तर बाकी सारे बरोबर असूनही पदार्थ बिघडतो.

रिसोत्तोचा मऊसरपणा क्रीममधून येत नाही, तो तांदळातल्या स्टार्चमधून येतो. तांदळाच्या स्टार्चचे अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात. बासमतीत अमायलोज भरपूर असल्यामुळे त्याचे दाणे सुटे राहतात, आणि पुलावासाठी आपण तोच गुण वाखाणतो. रिसोत्तोला मात्र अमायलोपेक्टिन जास्त असलेला, आखूड आणि जाड दाण्याचा तांदूळ लागतो, कारण थोड्या पाण्यात दाण्यावर दाणा घासला की हे स्टार्च बाहेर येऊन भोवतीच्या पाण्याला दाटपणा देते. उत्तर इटलीत पो नदीच्या खोऱ्यात पिकणारे आर्बोरिओ आणि कार्नारोली हे तांदूळ यासाठी प्रसिद्ध आहेत. आर्बोरिओ हे पिएमोंते प्रांतातल्या एका गावाचे नाव आहे. कार्नारोली ही जात १९४५ साली व्हियालोने आणि लेन्चिनो या जातींच्या संकरातून तयार झाली. आपल्याकडे आर्बोरिओ सहज मिळतो, पण दोन्ही समोर असतील तर मी कार्नारोली घेईन, कारण त्यात अमायलोज थोडे अधिक असल्यामुळे दाणा लवकर मोडत नाही आणि मिनिटभर इकडेतिकडे झाले तरी तो सांभाळून घेतो.

दोन्ही मिळाले नाहीत तर आंबेमोहर किंवा इंद्रायणी वापरता येईल. तो लवकर शिजतो, म्हणून बाराव्या मिनिटापासून चाखत राहावे, आणि त्याचा स्वतःचा सुवास मशरूमच्या वासावर थोडी कुरघोडी करतो हेही लक्षात असू द्यावे. गोव्याचा उकडा तांदूळ मात्र मुळीच घेऊ नका. तो टरफलासकटच उकडून वाळवलेला असल्यामुळे त्याचे स्टार्च दाण्यात घट्ट बसलेले असते. त्याची पेज उत्तम होते, रिसोत्तो होत नाही. आणि आर्बोरिओ किंवा कार्नारोली धुऊ नका. तांदूळ तीन पाण्यांनी धुण्याची आपली सवय चांगली असली, तरी इथे जे हवे आहे तेच त्या पाण्यातून वाहून जाते. सुटा आंबेमोहर घेतलात तर तो एकदाच झटपट धुऊन कोरडा होईपर्यंत निथळत ठेवावा.

आता मशरूम. तुमचा बेत जुलैतला असल्यामुळे रस्त्याच्या कडेला पानांत बांधून विकायला ठेवलेली अळमी, म्हणजे रानमशरूम, पाहून मोह होईल, म्हणून आधीच सांगते. ही अळमी रोयणीवर, म्हणजे वारुळावर उगवतात; आतली वाळवी बुरशीची बागच जोपासते आणि पावसाळ्यात त्या बागेतून ती वर येतात, त्यामुळे वाळवीशिवाय त्यांची लागवड करता येत नाही. जेवढी ओरबाडावी तेवढी पुढच्या वर्षी कमी, हे आमच्या घरातल्या थोरांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. अनोळखी रानमशरूम स्वतः गोळा करून तर कधीच शिजवू नयेत. ओळखीच्या माणसाकडून मूठभर अळमी मिळालीच, तर त्यांची शाकुती किंवा तोणाक करावे. त्यांची नाजूक, मातकट गोडी खोबऱ्याच्या वाटपात खुलते, चीजखाली ती दबून जाते असे माझे मत आहे.

रिसोत्तोसाठी साधी पांढरी बटण मशरूम पुरेशी आहेत. २०० ग्रॅमचे एक पाकीट घ्या, धिंगरी मिळाल्यास तीही थोडी घ्या, आणि शक्य असेल तर १० ग्रॅम सुकी पोर्चिनी, म्हणजे एक सुवासिक रानमशरूम, आणा. खरी खोली पोर्चिनीमुळे येते. ती पाव लिटर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून पिळून घ्यावी आणि ते तपकिरी पाणी कापडातून गाळून ठेवावे, कारण तळाशी बारीक रेती असते. पोर्चिनी मिळाली नाही तर सुकी शिताके चालतील, पण दोन-तीनच, कारण त्यांचा वास उग्र असतो. पावसाळ्याच्या दमट हवेत मशरूम प्लास्टिकमध्ये घाम धरतात आणि दुसऱ्या दिवशी बुळबुळीत होतात, म्हणून घरी आणताच ती कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवावीत.

मशरूम कच्चीच भातात टाकून शिजवणे ही घरोघरी होणारी चूक आहे. त्यांच्या वजनाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग पाणीच असतो. कच्ची टाकली तर ती उकडल्यासारखी होतात आणि भात करडा दिसतो. मोठा तवा चांगला तापवून, थोड्या तेलावर, एका वेळी तव्यात सुटसुटीत मावतील एवढेच काप घालावेत आणि पाणी आटून कडा सोनेरी होईपर्यंत ते फारसे हलवू नयेत. मीठ शेवटी घालावे. अर्धी मशरूम अशी भाजून वर घालण्यासाठी बाजूला ठेवावीत आणि अर्धी पोर्चिनीबरोबर अगदी बारीक चिरून, लसणाच्या एका पाकळीवर परतून घ्यावीत. ही बारीक मशरूम तांदळाबरोबर शिजून प्रत्येक घासात उतरतात. थाइम मिळाले तर उत्तम, नाही तर ओव्याचे पाव पान बारीक चिरून घालून पाहा. थाइम आणि ओवा या दोन्हींत थायमॉल हा एकच सुगंधी घटक असल्यामुळे ते परके वाटत नाही, पण पावाचे अर्धे झाले तरी जास्त होते.

दोघांसाठी तांदूळ १६० ग्रॅम, एक लहान कांदा, लोणी ४० ग्रॅम, कोरडी पांढरी वाइन ६० मिलिलिटर, किसलेले चीज ४० ग्रॅम आणि गरम स्टॉक पाऊण लिटर, एवढे साहित्य धरा. पोर्चिनीचे पाणीही याच पाऊण लिटरात मोजावे. स्टॉक गाजर, कांदा, सेलरीची दांडी आणि मशरूमची देठे ४० मिनिटे मंद उकळून घरीच करावा आणि त्यात मीठ घालू नये, कारण तो आटत जातो आणि शेवटी खारट चीज पडते. कोबी घालू नका, त्याचा वास साऱ्यावर पसरतो.

पत्नी शाकाहारी आहे म्हणून चीजबद्दल मुद्दाम सांगते. अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातले रेनेट, म्हणजे दूध साकळवणारे द्रव्य, वापरूनच केले जाते, त्यामुळे ते शाकाहारी नसते. भारतात तयार होणारे, पाकिटावर हिरवी खूण असलेले, पार्मेझानच्या पद्धतीचे कडक चीज घ्यावे. चीजच्या चौकोनी वड्या वापरू नका, त्या वितळून चिकट होतात. वाइनही आधी विचारून घाला. शिजताना अल्कोहोल पुष्कळसे उडते, पण संपूर्ण उडत नाही. वाइन घालणार असाल तर ती कोरडीच हवी. दुकानात सर्वांत आधी नजरेस पडणारी गोड पोर्ट वाइन घातली तर भात गोड आणि जांभळट होईल. वाइन नको असेल तर शेवटी अर्धा चमचा लिंबाचा रस पुरे. कोकम घालू नका, रंग बिघडतो.

प्रत्यक्ष कृती पंचवीस मिनिटांची आहे. जाड बुडाच्या पसरट पातेल्यात चमचाभर तेल आणि थोडे लोणी घालून बारीक चिरलेला कांदा मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत परतावा. तो लाल होता कामा नये. शेजारच्या शेगडीवर स्टॉक हलका उकळत ठेवावा, कारण गार स्टॉक घातला की शिजणे थांबते आणि दाणा बाहेरून मऊ, आतून कच्चा राहतो. कांद्यावर तांदूळ घालून दोन मिनिटे परतावा, म्हणजे दाणा हाताला चटका देण्याइतका गरम होतो आणि पुढे लगेच मोडत नाही. मग वाइन घालून ती आटू द्यावी. त्यानंतर बारीक चिरलेली मशरूम आणि पळीपळीने स्टॉक घालावा. आधीची पळी जवळजवळ मुरली की पुढची घालावी. अखंड ढवळत बसायची गरज नाही, दर अर्ध्या मिनिटाला तळापासून हलवले तरी पुरते, पण जागा सोडू नये. पंधराव्या मिनिटापासून चाखायला लागा. आपल्या घरी भातात कणी राहिली तर भात बिघडला असे म्हणतात आणि इटलीत किंचित कणी मुद्दाम ठेवतात. पत्नीला ती आवडणार नाही असे वाटत असेल तर एक-दोन मिनिटे जास्त शिजवा. जेवणारी ती आहे, पुस्तकी नियम पाळण्यात काही अर्थ नाही.

शेवटचे पाऊल सर्वांत महत्त्वाचे आहे आणि घरी नेमके तेच वगळले जाते. गॅस बंद करून पातेले मिनिटभर स्वस्थ ठेवावे, मग फ्रिजमधून काढलेल्या गार लोण्याचे तुकडे आणि किसलेले चीज घालून जोरात ढवळावे. इटलीत याला मान्तेकातुरा म्हणतात. सुटलेले स्टार्च लोण्यातली चरबी आणि स्टॉकचे पाणी यांना बांधून ठेवते आणि तुम्ही क्रीममध्ये शोधत होता तो तुकतुकीत, रेशमी दाटपणा या एका मिनिटात येतो. आचेवर असताना चीज घातले तर त्याच्या गुठळ्या होतात. रेस्टॉरंटमध्ये पहिल्याच दिवशी मी क्रीमचे पाकीट उघडले, तेव्हा मुख्य आचाऱ्याने ते हातातून काढून घेतले आणि मला हे एक मिनिट करून दाखवले. त्यानंतर मी रिसोत्तोत कधी क्रीम घातले नाही. दाटी पळीवाढी असावी. पसरट ताटलीत वाढून तळाला हलकी थाप दिली की भात लाटेसारखा पसरला पाहिजे; ढीग तसाच उभा राहिला तर चमचाभर स्टॉक घालावा. तो ताटलीतही दाटत जातो, म्हणून पातेल्यात किंचित पातळ वाटेल तेव्हाच थांबावे.

आता वेळेविषयी. आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी यजमानांच्या वाढदिवशी मी हाच पदार्थ केला आणि ते साडेआठला येतील या हिशेबाने सव्वाआठला तांदूळ टाकला. पावसामुळे ते पर्वरीला अडकले. मी पातेले झाकून ठेवले आणि अर्ध्या तासाने उघडले तेव्हा भाताने सगळा ओलावा पिऊन घेतला होता. पाणी घालून सारखा करायला गेले तर दाणे फुटले. दिवसभराची मेहनत अशी गेल्याचे मला फार वाईट वाटले. तेव्हापासून दाराची घंटा वाजल्याशिवाय मी तांदूळ पातेल्यात टाकत नाही. तुम्हीही स्टॉक सकाळीच करा, मशरूम सातपर्यंत भाजून ठेवा, चीज किसून ठेवा आणि पत्नी घरी येऊन निवांत झाल्यावरच कांदा परतायला घ्या. तिला टेबलाशी एकटी बसवू नका. स्वयंपाकघरात खुर्ची ठेवा, पोदेराकडच्या, म्हणजे पाववाल्याकडच्या, पोई पावाचे पातळ काप लसूण-लोणी लावून भाजून द्या आणि चाखायचा चमचा तिच्याच हाती द्या. त्या वीस मिनिटांच्या गप्पा हाच खरा वाढदिवस आहे असे मला मनापासून वाटते.

तरीही ओट्यापाशी कमी वेळ द्यायचा असेल, तर रेस्टॉरंटची पद्धत आहे: तांदूळ दहा-अकरा मिनिटे शिजवून लगेच मोठ्या ताटात पातळ पसरावा, वाफ जाताच झाकून फ्रिजमध्ये ठेवावा आणि वेळेवर गरम स्टॉक घालून पाच-सहा मिनिटांत पुरा करावा. आपल्या हवेत हा अर्धा शिजलेला भात ओट्यावर मात्र राहू देऊ नये, त्यात विषबाधा करणारे जिवाणू वाढतात. चव या पद्धतीत थोडी उतरते.

गोडाला सेरादुरा, म्हणजे क्रीम-बिस्किटांचे पुडिंग, आदल्या दिवशी करून ठेवता येते, पण इतक्या लोण्या-चीजनंतर मी गार फळेच देईन. रिसोत्तो उरलाच तर त्याच रात्री फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी तो घट्ट होतो, तेव्हा त्याच्या चपट्या वड्या करून रव्यात घोळवाव्यात आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी कुरकुरीत भाजाव्यात. मिलानमध्येही उरलेला रिसोत्तो असाच तव्यावर भाजून खातात.