ताई, पोरांनी घर डोक्यावर घेतलंय!

प्रश्न : ताई नमस्कार. डोंबिवलीला राहते, वन बीएचके, मुलगी सात वर्षांची आणि मुलगा आत्ताच तीन पूर्ण झालाय. आठवड्यातले तीन दिवस माझं वर्क फ्रॉम होम असतं, सासूबाई आहेत घरात पण त्यांचे गुडघे दुखतात त्यामुळे पोरांच्या मागे धावणं त्यांना जमत नाही. पाऊस जोरात असला की शाळेला अचानक सुट्टी आणि मग माझी मीटिंग चालू असताना मागे महाभारत. मागच्या आठवड्यात नेटवर बघून रंगीत तांदूळ केले, खाण्याचे रंग आणले, कालवले, पंख्याखाली वाळवले, यात पाऊण तास गेला आणि पोरं खेळली सात मिनिटं. सोफ्याच्या फटीतून अजून तांदूळ निघतायत. माझंच काही चुकतंय का?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : चुकलं एवढंच की खरी मजा तुम्हीच करून टाकलीत! तांदळात रंग ओतणं, हात घालून कालवणं, वाळले का म्हणून दर दोन मिनिटांनी बोट लावून बघणं, खेळ तर हाच होता ना, पोरांच्या हातात आले ते तयार झालेले तांदूळ, मग ते उधळण्यापलीकडे करणार काय त्यांचं? मी स्वतः यातून गेलेय. पावसाळ्यात मीठ-कणकेची खेळणी करायला घेतली होती, दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ, एक वाटी पाणी, प्रमाण अगदी बरोबर, पण जुलैच्या हवेत ती वाळतायत कशाला, चौथ्या दिवशी गणपतीच्या सोंडेवर हिरवी बुरशी. ते काम उन्हाळ्यात करा.

मुलीला मी एक नोकरी द्यायला सांगेन, पाऊस मोजायची. सरळ उभ्या बाजूंची एक रिकामी प्लॅस्टिकची बाटली घ्या, मधे कंबर असलेली नको. वरचा निमुळता भाग तुम्ही कापून द्या आणि तोच उलटा करून बाटलीत बसवा, झालं नरसाळं. बाटलीचा तळ खालीवर असतो म्हणून जिथून बाजू सरळ होतात तिथपर्यंत आधीच पाणी भरायचं आणि तिथे शून्याची खूण. त्याच्यावर पट्टीने मिलिमीटर आखलेला कागद चिकटवा आणि वरून सेलोटेप मारा. एवढंच. बाल्कनीच्या ग्रिलमध्ये मात्र ठेवू नका, वरच्या स्लॅबमुळे अर्धा पाऊस अडतो आणि उरलेला तिरका येतो. गच्चीवर उघड्यावर ठेवायची, दोन विटांच्या मधे म्हणजे वाऱ्याने पडणार नाही, आणि बघायला जाताना कुणीतरी मोठं बरोबर पाहिजे. वेधशाळा रोज सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा पाऊस मोजते, तिनेही साडेआठलाच मोजायचा, वहीत लिहायचा, बाटली परत शून्यावर आणायची आणि पेपरमधल्या आकड्याशी ताडून बघायचं. आकडे जुळणार नाहीत कारण तुमच्या गच्चीवरचा पाऊस आणि वेधशाळेचा पाऊस वेगळाच असतो, आणि मग ती त्यावरून तुमच्याशी भांडेल, भांडू दे. 64.5 मिमीच्या वर गेला की हवामान खात्याच्या भाषेत तो जोरदार पाऊस, म्हणजे त्या दिवशी वहीत लाल पेन.

आणि एक दिवस मुद्दाम भिंतीवर 944 मिमीची खूण करायला सांगा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत पडलेला पाऊस तो. तीन वर्षांचं पोर साधारण तेवढंच उंच असतं, धाकट्याला त्या खुणेजवळ उभं केलं की ती रेघ जवळपास त्याच्या डोक्याशी येईल आणि पाऊस 'एवढा' म्हणजे केवढा ते ताईसाहेबांना कुणी समजवायला नको.

आता धाकटा. त्याला सासूबाईंच्या पुढ्यात बसवा आणि मधे भिजवून मोड आणलेल्या वालांची परात. कोमट पाण्यात टाकले की सालं सुटतात, मग दोन बोटांत धरून दाबलं की डाळिंबी सुळकन बाहेर उडते, कधी परातीत, कधी आजीच्या चष्म्यावर. तीन वर्षांच्या हाताला याच्याइतका भारी खेळ मला तरी माहीत नाही. आजींना उठायला लागत नाही आणि संध्याकाळचं बिरडंही मार्गी लागतं. फक्त तोंडात टाकत नाही ना यावर आजींची नजर पाहिजे, वाल घशात अडकू शकतो, आणि कच्चा खायचाही नसतो.

दोघांना एकत्र बसवायचं असेल तर हळद. पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर फासायची आणि वाळू द्यायची. मग साबणाच्या पाण्यात कापसाचा बोळा किंवा इअरबड बुडवून त्यावर लिहायचं, अक्षर लालभडक उमटतं, आणि वरून लिंबू पिळलं की परत पिवळं. शाळेच्या शर्टावरचा भाजीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो ते आपण रोज बघतो, हे तेच, साबण अल्कली म्हणून हळद लाल आणि लिंबू आंबट म्हणून परत मूळपदावर. हा कार्यक्रम मोरीत करायचा, हॉलमध्ये नाही. मागच्या वेळेसारखी तयारी तुम्ही करायची नाही, हळद कालवण्यापासून सगळं पोरांनी. मीटिंग असेल तर दार लावून घ्या आणि मोरी नंतर बघा.

प्रश्न : सा. न. दहा वर्षांचा नातू पुण्याहून पंधरा दिवसांसाठी आलाय. मोबाईल काढून घेतला तर तोंड पाडून बसतो, दिला तर आजीशीसुद्धा बोलत नाही. आम्ही लहानपणी काय काय खेळायचो ते सांगायला गेलो तर "आजोबा, बोअर" म्हणतो. काय करावे?
– एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, सांगू नका, खेळायला लागा. घरात चिंच असेलच, त्यातले चार चिंचोके घ्या आणि पायरीवर बसून एकेक चिंचोका एका बाजूने फरशीवर घासायला लागा. एक अक्षर बोलायचं नाही. खर्र खर्र आवाज ऐकून तो येतोच बघायला, आला की घासून तापलेला चिंचोका हळूच त्याच्या मनगटाला टेकवा. ओरडेल, हसेल, आणि पुढचा चिंचोका तुमच्या हातातून ओढून घेईल तुम्हाला चटका द्यायला. बाकीचे तीन तोच घासणार.

घासलेली बाजू पांढरी, दुसरी तपकिरी, झाले फासे. खडूने पाच बाय पाच चौकोन आखा, चारही बाजूंच्या मधल्या घरात फुली आणि अगदी मधल्या घरात फुली. आमच्याकडे याला चल्लसआठ म्हणायचे, तुमच्याकडे दुसरं काही म्हणत असतील, नियमही गल्लीगणिक बदलतात. आम्ही खेळायचो ते असं: जितके पांढरे वर तितकी घरं, चारही पांढरे आले तर चार, सगळे तपकिरी आले तर आठ, आणि चार किंवा आठ पडले की अजून एक डाव. सोंगटी आधी बाहेरच्या सोळा घरांतून एका दिशेने फिरते, मग आतल्या आठ घरांतून उलट्या दिशेने आणि शेवटी मधे. फुलीवर असलेली सोंगटी मारता येत नाही, आणि दुसऱ्याची एकतरी सोंगटी मारल्याशिवाय आत शिरता येत नाही, सगळी भांडणं इथेच होतात. सोंगट्या म्हणून शर्टाची बटणं, फुटक्या बांगड्या, तुरीचे दाणे काहीही चालेल.

तो हरावा म्हणून नाही आणि जिंकावा म्हणूनही नाही, तुम्ही तुमचं नेहमीसारखं खेळा, दहा वर्षांच्या पोराला आजोबा मुद्दाम हरतायत हे लगेच कळतं आणि मग खेळच फुकट जातो. आजींना तिसऱ्या बाजूला बसवा. आणि मोबाईल काढून घेऊ नका हो, त्याला हिशेब ठेवायला द्या, कोण किती डाव जिंकलं त्याचा. पंधरा दिवसांत आकडा चांगला मोठा होईल.

प्रश्न : मी शिफ्टची नोकरी करतो, घरी यायला साडेआठ वाजतात, जेवणं झाली की पोरीसोबत जेमतेम अर्धा तास मिळतो. पाच वर्षांची आहे. मला क्राफ्ट-बिफ्ट काही येत नाही.
– एक बाबा, नागपूर

उत्तर : दादा, टॉर्च आहे ना घरात? दिवा घालवा, टॉर्च खुर्चीवर ठेवून भिंतीवर मारा आणि मधे हात धरा. हात टॉर्चजवळ नेला की सावली भिंतभर होते, भिंतीजवळ नेला की हाताएवढीच राहते, हे तिला तुम्ही सांगायचं नाही, ती स्वतःच दोन मिनिटांत शोधून काढेल. कुत्रा जमतो सगळ्यांनाच, चार बोटं सरळ, करंगळी खालीवर केली की तोंड उघडतं, अंगठा म्हणजे कान. ससा मला अजूनही जमत नाही. मग चाळणी आणा, झारा आणा, कंगवा आणा, सावलीवरून वस्तू ओळखायची, आणि दुसऱ्या दिवशी ती दिवसभर घरात हिंडून तुम्हाला न ओळखता येणारी वस्तू शोधून ठेवेल. एकच लक्षात ठेवा, टॉर्चचे सेल संपले की मोबाईलची फ्लॅश लावायचा मोह होतो, तेव्हा नेमका कुणाचा तरी फोन येतो. जास्तीचे सेल आणून ठेवा.