तो दगडांचा ढीग नाही, अर्गेयस पर्वत आहे

"चांदीचं छोटं नाणं, पुढे सेप्टिमियस सेव्हेरस, मागे दगडांचा ढीग, अक्षरं ग्रीक, दिनारिअसच्या यादीत कुठेच नाही" हे तुमचं वर्णन वाचलं आणि माझं जुनं दुखणं जागं झालं. सेव्हेरस रोमन सम्राट खरा, पण यादीत मिळणार नाही, कारण तो दिनारिअस, म्हणजे रोमचं नेहमीचं चांदीचं नाणं, नव्हेच. कॅपाडोशियातल्या सीझरियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या कायसेरीचा ड्राक्मा, म्हणजे ग्रीक पद्धतीचं चांदीचं नाणं आहे. मागचा 'ढीग' म्हणजे त्या शहराजवळचा अर्गेयस पर्वत. (फोटोवरून सांगतोय, नाणं हातात घेतलेलं नाही.)

माझंही असंच नाणं मी नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या एका कंपनीकडे पाठवलं होतं. नाव घेत नाही. त्यांनी ते पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरच्या सीझरियाचं ठरवून प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केलं. सीझरिया नावाची शहरं साम्राज्यात बरीच होती, मान्य. पण मागे एवढा डोंगर उभा असताना? पत्रं लिहिली, तर उत्तर एकच: दुरुस्तीसाठी नव्याने शुल्क भरा. चुकीचं लेबल, त्यात डबी बंद, म्हणून ना वजन करता येतं ना कड बघता येते. विकायला काढलं तेव्हा कुणी धड भाव देईना. साम्राज्याच्या मुख्य टांकसाळींच्या नाण्यांबद्दल मी बोलत नाही, पण प्रांतिक, म्हणजे प्रांतांतल्या शहरांत पाडलेल्या नाण्यांसाठी या डब्यांवर एक रुपयाही घालवू नये, असं माझं ठाम मत आहे.

कारण इथे सगळी ओळख त्या डोंगरातच आहे. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो लिहितो की अर्गेयसच्या माथ्यावरचं बर्फ कधीच वितळत नाही. ग्रीक तत्त्वज्ञ टायरचा मॅक्सिमस सांगतो की कॅपाडोशियन लोकांचा देव हा डोंगरच, शपथ त्याचीच आणि मूर्तीही तोच. म्हणून सम्राट बदलत गेले तरी मागे डोंगर राहिला, कधी माथ्यावर तारा, कधी देवाची आकृती. डोंगरावर देऊळ आणि त्याकडे चढणाऱ्या लांबलचक पायऱ्या दिसल्या तर मात्र थांबा, तो गेरिझिम डोंगर, म्हणजे नाणं पॅलेस्टाइनमधल्या समारियातल्या निआपोलिस शहराचं.

मागच्या ग्रीक लेखात वर्षाचा आकडा शोधा. तो सम्राटाच्या राज्यारोहणापासून मोजलेला असतो, सेव्हेरसचं पहिलं वर्ष इ.स. १९३. मग ऑक्सफर्डच्या प्रांतिक नाण्यांच्या ऑनलाइन कोशात 'सीझरिया' नव्हे, 'कॅपाडोशिया' निवडून शोधा.

आणि विक्रेत्याकडून जुन्या मालकीचे कागद मागून घ्या. मी वकील नाही, पण तुर्कस्तानात जमिनीत सापडलेली अशी नाणी सरकारच्या मालकीची असतात आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेणं गुन्हा आहे.