केसपेपर जाऊन सगळं संगणकावर आलं, डॉक्टर आता स्क्रीनकडेच बघतात. यात पेशंटचा खरंच फायदा आहे का?

फायदा आहे, आणि मोठा आहे. फक्त तो आपोआप मिळत नाही. मी बरीच वर्षं रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात काम करते. आधी फाइली लावायचे, आता त्याच नोंदी संगणकावर सांभाळते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमची तक्रार. ती खरी आहे. अमेरिकेत ५७ डॉक्टरांच्या कामाचं निरीक्षण करून २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पेशंटसोबतच्या दर तासामागे जवळपास दोन तास नोंदी आणि टेबलावरच्या कामात जातात, असं त्यात दिसलं. डॉक्टरांना टायपिस्ट करून ठेवणारी सॉफ्टवेअर वाईट आहेत, असं मीही म्हणते.

तरी मला कागदाकडे परत जायचं नाही. फाइल एका वेळी एकाच जागी असते. पेशंट रात्री बेशुद्ध होऊन येतो आणि त्याची फाइल भलत्याच विभागात असते. अक्षर लागत नाही म्हणून नर्स डॉक्टरांना शोधत फिरते. संगणकावर औषध लिहिलं की ते वाचता तरी येतंच, शिवाय आधीच्या औषधांशी ताडून बघितलं जातं. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असलेल्या माणसाला कोणी कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक लिहिलं, तर रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. तो इशारा तिथल्या तिथे पडद्यावर येतो.

पण याच कोट्रायमोक्साझोलची २०१३ सालची एक घटना आमच्या क्षेत्रात सगळ्यांनी वाचायला हवी. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका नावाजलेल्या रुग्णालयात १६ वर्षांच्या मुलाला एक गोळी द्यायची होती. डॉक्टरांनी १६० आकडा टाकला तो मिलिग्रॅम समजून. पडद्यावरचा रकाना मात्र वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम, असा होता. हिशेब झाला साडेअडतीस गोळ्यांचा. डोस जास्त असल्याचा इशारा आला, पण असे इशारे दिवसभर येतच असतात, त्यामुळे डॉक्टर आणि फार्मासिस्ट दोघांनीही तो बाजूला सारला. यंत्राने गोळ्या मोजून पाकिटं भरली. नर्सला शंका आली होती. तिने बारकोड तपासला, तर यंत्र म्हणालं, बरोबर आहे. मुलाने सगळ्या गोळ्या घेतल्या आणि त्याला फिट (आकडी) आली. सुदैवाने तो वाचला.

कागदावर साडेअडतीस गोळ्या लिहिलेल्या दिसल्या असत्या तर कोणीतरी नक्की थांबलं असतं. संगणकात शिरलेली चूक मात्र छापील, नीटनेटकी दिसते, आणि पुढचा माणूस तिच्यावर विश्वास ठेवून मोकळा होतो.

रोजच्या कामात हे मला सगळ्यात जास्त दिसतं ते ॲलर्जीच्या रकान्यात. लहानपणी पेनिसिलिनने पोट बिघडलं, आईने ते सांगितलं, कोणीतरी ‘ॲलर्जी’ म्हणून नोंदवलं. मग तो शिक्का जन्मभर सोबत राहतो. अशी नोंद असलेल्यांची नीट तपासणी केली तर दहातल्या नऊ जणांना ॲलर्जी नसतेच. तोवर त्यांना साध्या, नेमक्या औषधाऐवजी जास्त जहाल अँटिबायोटिक मिळत राहतं. आम्ही मागच्या नोंदीवरून पुढची नोंद करतो आणि ‘तेव्हा नक्की काय झालं होतं?’ हा प्रश्न कोणीच विचारत नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच की तुमची नोंद तुम्ही स्वतः वाचा. आता अनेक ठिकाणी पेशंटला ॲपवर किंवा पोर्टलवर ती बघता येते. ॲलर्जी, चालू औषधं आणि जुने आजार, एवढं तरी बघाच. बंद केलेलं औषध यादीत तसंच राहिलेलं फार वेळा सापडतं. ‘मधुमेह नाही ना, हे बघायचंय’ याचं पुढच्या भेटीत ‘मधुमेह’ झालेलंही मी पाहिलंय.

संगणकावरची माहिती सुरक्षित राहील का, ही धास्तीही रास्त आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरसने ब्रिटनची कित्येक सरकारी रुग्णालयं ठप्प केली होती. एस्टोनियाने २००८ साली देशभरासाठी आरोग्य नोंदी सुरू केल्या. तिथे आपली नोंद कोणी उघडली हे पेशंटला स्वतः बघता येतं. तुमच्या पोर्टलवर ती सोय असेल तर अधूनमधून वापरा; नसेल तर मागा.

दोन रुग्णालयांच्या सॉफ्टवेअरना एकमेकांच्या नोंदी वाचता येत नाहीत, ही अडचण अजून सुटलेली नाही. त्यासाठी ‘फायर’ नावाचं सामायिक मानक २०१४ पासून पुढे आलंय, पण सगळीकडे पोचलेलं नाही. तोवर डिस्चार्ज समरी आणि शेवटचे रिपोर्ट पीडीएफमध्ये स्वतःजवळ ठेवा.

चूक सापडली तर तोंडी सांगून निघून येऊ नका. मेडिकल रेकॉर्ड विभागाला लेखी द्या, जमल्यास सोबत जुना रिपोर्ट जोडा. जुनी नोंद सहसा पुसली जात नाही. तिच्यासोबत दुरुस्ती, तारीख आणि करणाऱ्याचं नाव लागतं. काही दिवसांनी परत उघडून ती दुरुस्ती लागली का, ते बघा.